मेडिकेअरचं ऑडिट: कृत्रिम पायाची फाइल आधीपासून कशी लावून ठेवावी

पुण्यात, ऐरोलीत किंवा नागपुरात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या प्रोस्थेटिक क्लिनिकांचे क्लेम भरणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. त्यांच्यासाठी आणि तिकडेच प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही तयारी. विषय मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याचा, आणि त्यातही फक्त कृत्रिम पायाचा. एक गोष्ट आधीच पक्की धरा: ऑडिटचं पत्र आल्यावर कागद शोधता येतात, तयार करता येत नाहीत. पेशंटला पाय देण्याच्या दिवशी फाइल पुरी नसेल, तर नंतरची धावपळ फारशी कामाची नसते.

सुरुवात डॉक्टरच्या लेखी ऑर्डरपासून करा. त्यावर पेशंटचं नाव किंवा मेडिकेअर नंबर, ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, लागू असेल तिथे नग, डॉक्टरचं नाव किंवा एनपीआय (डॉक्टरचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि डॉक्टरची सही, एवढं हवंच. ही ऑर्डर क्लेम जाण्याआधी तुमच्या हातात असली पाहिजे. ज्या भागांचं बिल वेगळं लागणार आहे ते भाग वर्णनात एकेक करून लिहिलेले आहेत का, तेही तपासा. रबरी शिक्का सही म्हणून चालत नाही. डॉक्टरच्या तपासणीच्या नोटवरची सही वाचता येत नसेल, तर डॉक्टरकडून सही आपलीच असल्याचं लेखी निवेदन घेता येतं. ऑर्डरवर सहीच राहून गेली असेल, तर मात्र असं निवेदन ती उणीव भरून काढत नाही. म्हणून ऑर्डर आली त्याच दिवशी सही बघा.

आता फाइलचा खरा गाभा: के-लेव्हल, म्हणजे पेशंट कृत्रिम पायावर किती चालू-फिरू शकतो हे सांगणारा ० ते ४ चा आकडा. के-० म्हणजे आधाराने किंवा आधाराशिवाय चालण्याची क्षमता किंवा शक्यता नाही. के-१ म्हणजे सपाट जमिनीवर, एकाच वेगाने, घरापुरतं चालणं. के-२ म्हणजे फुटपाथची कड, जिना, खडबडीत जागा असे छोटे अडथळे पार करणं. के-३ म्हणजे चालण्याचा वेग गरजेप्रमाणे बदलता येणं, आणि के-४ मध्ये लहान मुलं, खूप सक्रिय प्रौढ, खेळाडू येतात. गुडघा कोणता आणि पाऊल कोणतं मंजूर होणार, हे याच आकड्यावर ठरतं. त्यामुळे ऑडिटर सगळ्यात आधी हाच आकडा उघडून बघतो, आणि बहुतेक फाइली इथेच अडतात.

‘पेशंट के-३ आहे’ हे वाक्य पुरावा नव्हे, तो निष्कर्ष झाला. पुरावा असा दिसतो: पाय कधी आणि कशामुळे कापावा लागला, त्याआधी माणूस कसा चालत-फिरत होता, उरलेल्या अवयवाची त्वचा आणि ताकद कशी आहे, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे का, जुना पाय वापरत असेल तर रोज किती तास, जिना कसा चढतो, पार्किंगमधून दुकानापर्यंत जाताना वेग वाढवू शकतो का, आणि त्याला स्वतःला किती चालायचं आहे. आजची क्षमता कमी असली तरी योग्य मुदतीत ती वाढेल अशी वाजवी अपेक्षा असेल, तर तीही ग्राह्य धरली जाते. पण ती अपेक्षा कशावरून, हे लिहिलेलं हवं. चालण्याची प्रमाणित चाचणी घेतली असेल तर गुण आणि तारीख दोन्ही फाइलमध्ये ठेवा.

हे सगळं कुणी लिहायचं, यावरून या व्यवसायाने फार सोसलं आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा पायाच्या बिलांमधल्या संशयास्पद गोष्टींवरचा अहवाल आला. त्याच महिन्यात डॉक्टरांना पत्र गेलं की प्रोस्थेटिस्टच्या, म्हणजे कृत्रिम अवयव बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाच्या, नोंदी एकट्याने पुरेशा नाहीत. मग ज्याने पेशंटला तासन्‌तास चालताना पाहिलं त्याच्या नोंदीला वजन नाही, आणि डॉक्टरच्या नोटमध्ये पायाबद्दल जेमतेम एक ओळ, अशा फाइलींवर क्लेम नाकारले जाऊ लागले. २०१८ च्या कायद्याने प्रोस्थेटिस्टच्या नोंदी वैद्यकीय नोंदींचा भाग मानल्या. हा न्याय उशिरा मिळाला, पण मिळाला. तरीही त्या नोंदी डॉक्टरच्या नोंदींना आधार देतात, त्यांची जागा घेत नाहीत. म्हणून दोन्ही नोट शेजारी ठेवून वाचा. एकीकडे ‘वॉकर घेऊन घरातल्या घरात’ आणि दुसरीकडे ‘रोज मैलभर फिरतो’ असं असेल, तर क्लेम थांबवा आणि क्लिनिकला फोन करा. पेशंटची स्थिती खरोखर सुधारली असेल तर डॉक्टरची पुन्हा भेट होऊन नवी नोट येऊ द्या. जुन्या नोटेत शब्द घालून घेणं हा मार्ग नाही, कधीच नाही.

टेबलावर चिकटवलेले जुने तक्ते एकदा काढून बघा. के-२ च्या पेशंटला मायक्रोप्रोसेसर गुडघा (चालताना आपली हालचाल संगणकाने सांभाळणारा) मिळतच नाही, असं त्यात लिहिलेलं असेल. १ सप्टेंबर २०२४ पासून अटी पूर्ण होत असतील तर तो मिळू शकतो. पडण्याच्या भीतीने खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसासाठी हा बदल मोठा आहे, आणि केवळ जुन्या तक्त्यामुळे त्याची विनंती पुढे गेली नाही असं होता कामा नये. मायक्रोप्रोसेसर गुडघ्याच्या एल५८५६ सारख्या काही बिलिंग कोडना २०२० पासून आधी मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीचा ट्रॅकिंग नंबर क्लेमवर गेला का, ते बघा.

टेस्ट सॉकेट (उरलेला अवयव ज्यात बसतो त्या खोबणीचे चाचणीपुरते नमुने) दोनपेक्षा जास्त असतील तर कारण लिहिलेलं हवं. पाय बदलून देत असाल तर तीनपैकी कोणतं कारण, ते स्पष्ट असावं: पेशंटच्या शरीरात झालेला बदल, पाय दुरुस्त होणार नाही इतका खराब होणं, किंवा दुरुस्तीचा खर्च नव्याच्या ६० टक्क्यांहून जास्त असणं. क्लिनिकमध्ये पाय दिल्याच्या पावतीवर पेशंटचं नाव, पत्ता, वस्तूंचं नीट वर्णन, नग, तारीख, सही. हीच तारीख सेवेची तारीख म्हणून क्लेमवर जाते. उजव्या-डाव्याचा आणि के-लेव्हलचा मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) नोटशी जुळतो का, हे पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी बघू द्या. सगळी कागदपत्रं सात वर्षं जपायची आहेत.

मग पत्र येतं. मेडिकेअरचे क्लेम तपासणाऱ्या नोरिडियन किंवा सीजीएस या कंपन्यांकडून जादा कागदपत्रांची मागणी आली तर ४५ दिवस मिळतात. पत्रावरची तारीख आल्या दिवशीच कॅलेंडरमध्ये टाका. कागद तारखेच्या क्रमाने लावा, पानांना नंबर द्या आणि कोणत्या पानावर काय आहे हे सांगणारं एक पान सगळ्यात वर ठेवा. टीपीई (निवडक क्लेम तपासून चुका समजावून सांगणारी फेरतपासणी) असेल तर २० ते ४० क्लेम मागवले जातात आणि जास्तीत जास्त तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर समजावून सांगणारं सत्र मिळतं, त्यात प्रोस्थेटिस्टलाच बसवा.

क्लेम नाकारला गेला तर पहिल्या अपिलाला १२० दिवस आहेत. पण आधी दिलेले पैसे परत मागणारं पत्र आलं असेल, तर ३० दिवसांत अपील करा, म्हणजे वसुली थांबते. दुसऱ्या पायरीला १८० दिवस, आणि तिथेही वसुली थांबवायची तर ६० दिवसच. प्रोस्थेटिस्टची नोट, चाचणीचे गुण, जुन्या पायाचे फोटो, जे काही असेल ते या दुसऱ्या पायरीपर्यंत जोडून टाका. त्यापुढे न्यायाधीशासमोर नवा पुरावा सबळ कारणाशिवाय घेतला जात नाही.