ट्रेलरचा फ्रिज: दुरुस्त करायचा की बदलायचा?

ट्रॅव्हल ट्रेलरमधला (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरातला) गॅस-विजेवर चालणारा फ्रिज गार करेनासा झाला की आधी एवढंच शोधायचं: कूलिंग युनिट गेलंय, की त्याला तापवणारं काही? या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. मागच्या सीलबंद नळ्या म्हणजेच कूलिंग युनिट; त्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं. गॅसचा बर्नर किंवा विजेचं एलिमेंट या नळ्यांचा खालचा भाग, म्हणजे बॉयलर, तापवतं आणि त्यावर सगळं चक्र चालतं. नळ्या शाबूत असतील तर बाकीचं बहुतेक दुरुस्त होतं.

ट्रेलरच्या बाहेरून फ्रिजमागची जाळी काढा. अमोनियाचा उग्र वास येत असेल किंवा बॉयलरजवळ पिवळी पूड दिसत असेल, तर नळी गळतेय. ती पूड सोडियम क्रोमेटची, गंज रोखण्यासाठी द्रवात घातलेली. विषारी असते, हात लावू नका. फ्रिज बंद करून दारं-खिडक्या उघडा. एसीसारखा गॅस भरून हे युनिट सुधारत नाही.

गळती नसेल तर ट्रेलर समतल उभा करून फ्रिज 12 तास विजेवर आणि नंतर तेवढाच वेळ गॅसवर चालवा. एकावर गार होतो आणि दुसऱ्यावर नाही? मग युनिट ठणठणीत आहे, बदलायचा विषय मिटला.

विजेवर चालत नसेल तर प्लग काढा, एलिमेंटच्या तारा सोडवा आणि मल्टीमीटरने ओहम मोजा. व्होल्टच्या वर्गाला वॅटने भागलं की अपेक्षित आकडा मिळतो: 120 व्होल्ट, 325 वॅटला साधारण 44. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट जळालंय. गॅसवर अडत असेल तर ज्योत बघा. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी असेल तर बर्नर आणि चिमणीतली काजळी साफ करा. जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) अल्कोहोलमध्ये भिजवून ठेवा. त्यात तार खुपसायचा मोह होतोच, पण छिद्र मोठं झालं की जेट वाया.

दोन्हीवर सुरूच होत नसेल तर 12 व्होल्टचा पुरवठा, फ्यूज आणि कंट्रोल बोर्ड बघा. बोर्ड असलेल्या फ्रिजला गॅसवर चालतानाही 12 व्होल्ट लागतातच.

बॉयलर चांगला तापतोय पण आत थंडावा नाही, तर दाराचं रबर आणि मागची हवा खेळती आहे का ते पाहा. तिथेही दोष नसेल तर बहुधा युनिटच गेलं. ट्रेलर बराच वेळ तिरका उभा करून फ्रिज चालवला की द्रव बॉयलरकडे परतत नाही, बॉयलर भलताच तापतो आणि क्रोमेट नळीत साचून बसतं. ते निघत नाही.

युनिट गेलं, पण पेटी, दार आणि बोर्ड धड आहेत, तर नुसतं युनिट बदलता येतं. मजुरीसकट तो खर्च नव्या फ्रिजच्या निम्म्यावर जात असेल किंवा पेटीही जुनाट असेल, तर अख्खा फ्रिज बदललेला बरा. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज लवकर गार होतो आणि थोड्या तिरकेपणाला दाद देत नाही; मात्र बॅटरी रोज बरीच खातो. विजेची जोडणी न घेता दिवसचे दिवस राहणाऱ्यांनी सोलर आणि बॅटरीचा हिशेब आधी करावा.

खरेदीआधी खाचेची रुंदी, उंची, खोली आणि ट्रेलरच्या दाराची रुंदी मोजा. कॉम्प्रेसर फ्रिज बसवताना जुनी गॅसची नळी टोपण लावून बंद करा आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासा. मागच्या जाळ्यांचं काय करायचं, ते नव्या फ्रिजच्या माहितीपत्रकात पाहूनच ठरवा.