कॅम्पस हुकलेल्या मेकॅनिकलवाल्यांसाठी: भोसरी-चाकण पट्ट्यातली पहिली नोकरी

मेकॅनिकलची डिग्री हातात आहे, कॅम्पसला निवड झाली नाही किंवा कॉलेजात कंपन्याच आल्या नाहीत, आणि आता पुण्याला येऊन नोकरी शोधायची आहे, अशा मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. मी भोसरीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत क्वालिटी सांभाळते. ट्रेनी इंजिनिअर घ्यायचा असला की एचआरबरोबर मुलाखतीला मी बसते. तिथे बसून माझं जे मत झालं आहे ते सांगते: मुलाखतीसाठी चारही वर्षांचे विषय पुन्हा काढून बसू नका. एक ड्रॉइंग नीट वाचायला शिका, आणि एक जॉब (म्हणजे मशीनवर बनणारा एखादा सुटा भाग) हातात घेऊन त्याच्याबद्दल दहा मिनिटं बोलता येईल इतका तो ओळखा.

आधी कुठे जायचं ते. चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज आहेत, पिंपरीला टाटा मोटर्स आहे. घरच्यांना हीच नावं माहीत असतात, त्यामुळे मुलं त्यांच्याच संकेतस्थळांवर अर्ज भरत राहतात. पण या कंपन्या नवे इंजिनिअर बहुतेक कॅम्पसमधूनच उचलतात. त्यांना माल पुरवणाऱ्या टिअर वन, आणि टिअर वनला पुरवणाऱ्या टिअर टू कंपन्या मात्र शेकड्यांनी आहेत: भोसरी एमआयडीसीत, तळवड्यात, चाकणच्या आसपास कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांच्या हद्दीत, शिवाय तळेगाव आणि रांजणगावला. कुठे गिअर कापले जातात, कुठे शीट मेटल दाबतात, कुठे अॅल्युमिनियमचं डायकास्टिंग होतं. पन्नास ते तीनशे माणसांच्या अशा कंपनीत नव्या मुलाला सहा महिन्यांत जेवढं बघायला मिळतं, तेवढं मोठ्या कंपनीच्या एका लाइनवर उभं राहून मिळत नाही. म्हणून सुरुवात इथूनच करा असं मी आग्रहाने सांगेन.

अर्ज नोकरीच्या पोर्टलवर टाकाच, पण तेवढ्यावर थांबू नका. छोट्या कंपन्या पुष्कळदा जाहिरात देतच नाहीत. आतल्या मुलांना विचारतात, "कोणी ओळखीचा फ्रेशर आहे का?" तुमच्या कॉलेजचे दोन-तीन वर्षं आधीचे विद्यार्थी या पट्ट्यात कुठे आहेत ते शोधा आणि त्यांना थेट फोन करा. "दादा, काही असेल तर सांगा" एवढंच म्हटलंत तर त्या बिचाऱ्याला काय करायचं ते कळत नाही. "दादा, तुमच्याकडे क्वालिटी किंवा प्रॉडक्शनला ट्रेनी घेतात का? एचआरचा मेल मिळेल का?" असं विचारलंत तर तो दोन मिनिटांत उत्तर देतो.

गेटवर जाऊन बायोडाटा देणं अजून चालतं. भोसरी-पिंपरी भागात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारी जाऊन फेरी वाया घालवू नका. सकाळी नऊलाही जाऊ नका. त्या वेळी शिफ्टची हजेरी आणि रोजची मीटिंग चालू असते. साडेदहा ते बारा ही वेळ बरी. वॉचमनशी नीट बोला, कारण कागद आत जाणार की टेबलावर पडून राहणार हे त्याच्या हातात असतं. कंपनी काय बनवते हे आधी पाहून जा. "कुठलंही काम चालेल" म्हणणाऱ्या मुलाची गरज मला कळते, त्याच्या घरी काय चाललं असेल तेही कळतं, पण त्याला कुठे ठेवावं हे मला त्यातून कळत नाही. "मला मशीन शॉपच्या इन्स्पेक्शनमध्ये काम शिकायचं आहे" असं म्हणणाऱ्याला विचारायला माझ्याकडे लगेच चार प्रश्न तयार असतात.

बायोडाटा एका पानाचा पुरे. वरचा "करिअर ऑब्जेक्टिव्ह"चा परिच्छेद काढून टाका, तो कोणी वाचत नाही. पासआउट वर्ष, टक्के किंवा सीजीपीए, मोबाइल, सध्या कुठे राहता, लगेच रुजू होऊ शकता का, दुचाकी आणि परवाना आहे का, एवढं वरच्या भागात दिसू द्या. केटी (नापास झालेला विषय) लागली होती आणि सुटली असेल तर लपवू नका. मार्कशीटवर ती दिसतेच, आणि आमच्यासारख्या कंपन्यांना तिचं फारसं काही वाटत नाही. सॉफ्टवेअरच्या यादीत जे खरंच चालवता येतं तेवढंच लिहा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत घेतलेला असेल तर तो लिहूच नका, कारण दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

आता तयारी, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये जा आणि दुचाकीचा निकामी झालेला पिस्टन मागून आणा. कोणीही देईल. तो धुऊन टेबलावर ठेवा आणि हाताने त्याचं ड्रॉइंग काढा: तीन बाजू, एक सेक्शन, सगळी मापं. बाजू कागदावर मांडायला आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत वापरतात, अमेरिकन ग्राहकाच्या ड्रॉइंगवर थर्ड अँगल असतो. टायटल ब्लॉकमधल्या चिन्हावरून दोन्ही ओळखता आले पाहिजेत. मग स्वतःला प्रश्न विचारा. हा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा का? वरच्या खाचा कशासाठी, आणि प्रत्येकीत कोणती रिंग बसते? पिनचं भोक इतकं गुळगुळीत का लागतं? पिस्टन बाहेरून पूर्ण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो, तो का? (तापल्यावर सगळीकडे सारखा प्रसरण पावत नाही म्हणून.) आधी कास्टिंग, मग टर्निंग, मग बोअरिंग, असा त्याचा प्रवास लिहून काढा आणि प्रत्येक टप्प्यावर काय चुकू शकतं ते शेजारी लिहा. आमच्या धंद्यात प्रोसेस फ्लो आणि एफएमईए म्हणतात त्याची हीच सुरुवात आहे. मुलाखतीला तो पिस्टन आणि तुमचं ड्रॉइंग सोबत घेऊन या. मला तरी असा उमेदवार समोर आला की बायोडाटा बाजूला ठेवून त्याच्याशी बोलावंसं वाटतं.

मोजमापाचा एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारते, तो इथे फोडूनच सांगते. ड्रॉइंगवर भोकाचं माप २५ एच७ लिहिलं आहे. म्हणजे किती, आणि ते मोजाल कशाने? बहुतेक जण "व्हर्नियर" म्हणतात. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. एकूण सूट (टॉलरन्स) २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारांश भाग. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट (वाचता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अख्खी सूटच त्याच्या एका भागात गेली. मोजायचं साधन टॉलरन्सच्या एक दशांशापर्यंत वाचणारं असावं असा साधारण नियम आहे. म्हणून इथे ०.००१ मिलिमीटर डायलचा बोअर गेज किंवा एअर गेज लागतो, आणि लाइनवर शंभर टक्के तपासायचं असेल तर गो-नोगो प्लग गेज. गो बाजू आत गेली पाहिजे, नोगो अडली पाहिजे. पुढे मी विचारते, यात जी६ चा शाफ्ट बसवला तर? तो २४.९८० ते २४.९९३ चा, म्हणजे फट कमीत कमी ७ मायक्रॉन आणि जास्तीत जास्त ४१. शाफ्ट कायम मोकळा फिरणार. हे गणित सहावीतल्या मुलालाही जमेल. पण फिट आणि टॉलरन्सचा तक्ता उघडून दोन-चार मापं स्वतः काढलेली असली की उत्तरात ठामपणा येतो, आणि तो समोरच्याला दिसतो.

बाकी यादी छोटी आहे. मायक्रोमीटर, हाइट गेज, डायल गेज हातात धरता आले पाहिजेत. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये सरांना विचारून एक दुपार बसा, पास झाल्यावरही बहुतेक सर नाही म्हणत नाहीत. ईएन८ आणि २०एमएनसीआर५ या पोलादांत फरक काय, कोणतं केस हार्डन करतात (म्हणजे फक्त वरचा थर कठीण करतात). फ्लॅटनेस आणि पोझिशन यांपैकी डेटम (मोजायला धरलेला संदर्भ) कोणत्याला लागतो. सीपी आणि सीपीके (प्रोसेस मापात राहते का ते सांगणारे आकडे) म्हणजे काय, आणि ग्राहक सीपीके १.३३ च्या वर का मागतो. सीएनसीला जायचं असेल तर जी००, जी०१, जी०२, एम०३, एम३० हे मशीनचे कोड तोंडपाठ. फाइव्ह एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत) आणि व्हाय-व्हाय अॅनालिसिसची व्याख्या घोकू नका, घरातल्याच एखाद्या बिघाडावर पाच वेळा "का" विचारून बघा. एखादी गोष्ट येत नसेल तर "हे मला माहीत नाही, मॅडम" म्हणा. ते चालतं. जॉबचं खोटं माप सांगणारा माणूस मात्र इन्स्पेक्शनला चालत नाही, म्हणून मुलाखतीतली थाप मी सोडून देत नाही.

मराठीत बोललात तरी काही बिघडत नाही. शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदीच चालते. इंग्रजी लागते ती मेल आणि रिपोर्टपुरती, तेवढी लिहायचा सराव करा.

थेट नोकरी मिळत नसेल तर अप्रेंटिसशिपकडे कमीपणा म्हणून बघू नका. १९६१ च्या अप्रेंटिसशिप कायद्याखाली पदवीधरांना एक वर्षाचं प्रशिक्षण मिळतं. त्यासाठी नॅट्सच्या (केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं, आणि आपल्या भागाचं काम मुंबईचं पश्चिम विभागीय बोट (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) कार्यालय बघतं. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पदवीधराला किमान ९००० रुपये विद्यावेतन ठरलं, सध्याचा आकडा पोर्टलवर पाहून घ्या. वर्षाअखेरीस केंद्र सरकारचं प्रमाणपत्र मिळतं. कंपनीवर पुढे कायम करण्याचं बंधन नसतं आणि या काळात पीएफ कापला जात नाही, हे दोन्ही धरूनच निर्णय घ्या.

ऑफर आली की आनंद साहजिक आहे, पण सही करण्याआधी एक प्रश्न विचाराच: अपॉइंटमेंट लेटर कोणाच्या लेटरहेडवर येणार? कंपनीच्या की कॉन्ट्रॅक्टरच्या? काम तेच, जागा तीच, पण थर्ड पार्टी रोलवर असलात तर अनुभवाचा दाखलाही त्याच कॉन्ट्रॅक्टरचा मिळतो. पर्याय नसेल तर तेही घ्या, पण माहीत असून घ्या.

दुसरं, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार. समजा २ लाख ४० हजारांचं पॅकेज सांगितलं, म्हणजे महिन्याला २० हजार. त्यातलं मूळ वेतन १२ हजार धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १४४०, ग्रॅच्युइटी ५७७ आणि ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) वाटा हे सगळं पुष्कळदा त्या २० हजारांतच मोजलेलं असतं. मग तुमच्याकडून पुन्हा पीएफ १४४०, ईएसआयसी पाऊण टक्का आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात साडेपंधरा हजारांच्या आसपास उरतात. (महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर २०२३ पासून महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही.) यातून कॉट बेसिसवरची जागा, मेस आणि गावी जायचं भाडं बसतं का ते कागदावर मांडून बघा. कंपनीची बस आणि कँटीन असेल तर हजार-दोन हजार कमी पगारही परवडतो.

मुलींनी शिफ्टबद्दल तोंड उघडून विचारावं. दुसरी शिफ्ट सुटल्यावर बस कुठपर्यंत सोडते, त्या शिफ्टला आणखी किती बायका आहेत, कपडे बदलायची खोली कुठे आहे. या प्रश्नांनी निवड जाईल अशी भीती मुलींना वाटते. मी स्वतः हे विचारलेल्या मुली घेतल्या आहेत. ज्या कंपनीला या प्रश्नांचा राग येतो तिथे दुसरी शिफ्ट करू नये.

नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी, गणवेश, ट्रेनिंग, डिपॉझिट या कुठल्याही नावाने पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पुण्यात बसस्टॉपच्या खांबांवर चिकटवलेल्या फोन नंबरांच्या जाहिराती तशाच सोडून द्या. मूळ मार्कशीट आणि पासिंग सर्टिफिकेट फक्त दाखवायचं, ठेवून घ्यायला द्यायचं नाही. बाँड असेल तर किती महिन्यांचा, आणि मधे सोडल्यास किती रक्कम, हे लेखी घ्या.

आणि वेळेबद्दल. जून-जुलैत सगळ्यांचे निकाल लागतात आणि गेटवर गर्दी होते. सप्टेंबरपर्यंत ती ओसरते. दिवाळीला गावी गेलेली काही मुलं परतच येत नाहीत, तेव्हा पुन्हा जागा निघतात. ज्यांच्याकडे जुलैत कागद दिला होता त्यांना दिवाळीनंतरच्या आठवड्यात न लाजता परत फोन करा, आणि मधल्या काळात पिस्टननंतर आणखी एक जॉब उघडून ठेवा. गिअर किंवा बेअरिंग चालेल.