हॉर्श बघायची कशी

जर्मनीत दुसऱ्या महायुद्धाआधीची हॉर्श ८५३ ही आलिशान मोटार समोर आली की बहुतेक लोक काय करतात? लांबलचक बॉनेटचा फोटो, क्रोमचा फोटो, स्वतःचा सेल्फी, आणि पुढची गाडी. पहिल्यांदा मीही तेच केलं. वर मालकाला म्हणाले, "अगदी नवीन दिसतेय हो!" म्हातारबुवा नुसतं "हं" म्हणाले. नवी गाडी बनवायला त्यांनी इतकी वर्षं घासली नव्हती, हे मला नंतर कळलं.

माझे बाबा चिकलठाण्याला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवायचे. मी केम्नित्सला नोकरी करते, झ्विकाऊ इथून चाळीसेक किलोमीटर. हॉर्श तिथेच बनायच्या, आणि आउगुस्ट हॉर्श म्युझियमही तिथेच, जुन्या ऑडी कारखान्याच्या आवारात आहे. खालचं सगळं तिथल्या चकरांतून आणि उन्हाळ्यातल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांतून जमलेलं.

आधी नावाचं बघू, कारण पुढे ते लागणार आहे. 'हॉर्श' म्हणजे जर्मनमध्ये 'ऐक!'. आउगुस्ट हॉर्श आधी मानहाइमला कार्ल बेंझकडे होते. 1899 मध्ये त्यांनी कोलोनला स्वतःची कंपनी काढली आणि 1904 मध्ये ती झ्विकाऊला आणली. 1909 मध्ये संचालकांशी बिनसलं, स्वतःच्याच कंपनीतून ते बाहेर पडले आणि शेजारीच दुसरी काढली. पण हॉर्श हे नाव जुन्या कंपनीकडे राहिलं, कोर्टाने ते वापरायला मनाई केली. मग एका मित्राच्या घरी नव्या नावाची बैठक बसली. तिथे लॅटिनचा अभ्यास करत बसलेल्या त्याच्या मुलाने सुचवलं, की 'हॉर्श'चं लॅटिन करा ना: आउडी. म्हणजेच ऑडी. आमच्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत ज्या नावाच्या गाड्या जोडतात, ते नाव एका शाळकरी पोराचं भाषांतर आहे.

आता गाडीकडे. समोरून सुरुवात करा आणि चार कड्या शोधा. 1932 मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर या चार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन झाली. एकेक कडी एकेका कंपनीची, आणि चौघींत हॉर्श सगळ्यात महागडी. ८५३ आली 1935 मध्ये, म्हणजे तिच्यावर कड्या हव्यातच. 1932 आधीच्या एखाद्या हॉर्शवर दिसल्या तर मालकाला विचारा. भांडायला नाही, गोष्ट ऐकायला.

मग बाजूला या आणि उकिडवे बसा. हे बाबांचं तंत्र. पत्रा समोरून कधी बघायचा नाही, डोळा दाराच्या पातळीला आणायचा आणि पत्र्यात पडलेलं छताच्या ट्यूबलाइटचं किंवा झाडाच्या फांदीचं प्रतिबिंब बघायचं. डोकं हळूहळू सरकवा. रेघ सरळ पळाली तर काम चोख. मध्येच पाण्यासारखी हलली तर खाली पुट्टीचा थर असू शकतो. चुंबक लावायच्या फंदात पडू नका, आणि मालकाने स्वतःहून परवानगी दिली तर कापडात गुंडाळून लावा. चुंबक धरला नाही म्हणजे लबाडी, असंही नाही. त्या काळी पत्र्याचे सांधे शिसं आणि कथील वितळवून भरत, त्यावरही चुंबक धरत नाही. आणि हो, पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन सांभाळा. माझी चेन एकदा मडगार्डला लागता लागता राहिली, तेव्हा मालकाच्या तोंडून निघालेला आवाज अजून कानात आहे.

खरी मेख मात्र पत्र्याखाली असते. या गाड्यांची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. लाकूड बहुधा अ‍ॅशचं, ज्याचे क्रिकेटचे स्टम्प बनतात ते. चिवट असतं, पण सांध्यात पाणी मुरलं की आतून कुजतं. वरून रंग झकास, आणि आत चौकट भुसभुशीत. मग दार खाली बसतं. म्हणून मालकाला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नाही, लाकडाचा: "जुनं किती ठेवलंत?" ज्याने मनापासून काम केलंय तो लगेच पत्रा काढलेल्या अवस्थेतले फोटो दाखवतो. फोटोच नसतील, तर नुसती गाडी बघा आणि पुढे चला.

आणि आता ऐका. दार मालकाला लावायला सांगा, आपण हात लावायचा नाही. चौकट धड असेल तर एकच भरीव आवाज येतो, जाड पुस्तक मिटल्यासारखा. खडखड झाली किंवा आवाज दोनदा आला, तर काहीतरी ढिलं आहे.

इंजिन सुरू होणार असेल तर आधीपासूनच तिथे थांबा. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड वाजतं, गार असताना खरं कळतं. एका ओळीत आठ सिलिंडर, 4944 सीसी, सुरुवातीला 100 अश्वशक्ती, नंतर 120. सुरू होताना पांढरी वाफ निघाली तर ती बाष्पाची, थोड्या वेळात जाते. निळा धूर निघतच राहिला तर तेल जळतंय. पुढे बघू नका, मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. आठही सिलिंडर नीट पेटत असले तर ठोके वेगळे मोजता येत नाहीत, एकसंध घुमणं येतं. खाली तेलाचा एखादा थेंब पडला तर नाक मुरडू नका.

एक प्रश्न अवघड आहे, पण विचारा: नाझी राजवटीत, 1945 पर्यंत, गाडी कोणाकडे होती? इतक्या महाग गाड्या त्या काळात कोण घेत होतं, हे सांगायला नको. युद्धात झ्विकाऊच्या हॉर्श कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांकडूनही काम करून घेतलं गेलं. चकाकत्या क्रोमसमोर हे विसरायला होतं. काही मालक विषय बदलतात, काही फाइल उघडतात.

युद्धानंतर झ्विकाऊ पूर्व जर्मनीत गेलं आणि ऑटो युनियन पश्चिमेला इंगोलश्टाटला नव्याने उभी राहिली. झ्विकाऊच्या त्याच कारखान्यांतून 1957 पासून ट्राबांट ही गाडी निघू लागली, कापसाचे धागे आणि राळ दाबून केलेल्या बॉडीची. म्युझियममध्ये दोन्ही बघायला मिळतात, ट्राबांट चुकवू नका.

गेल्या उन्हाळ्यात एका मालकाने दार लावताना मला व्हिडिओ काढू दिला. तो बाबांना पाठवला. तासाभराने त्यांचा आवाज आला: "गाडी भारी आहे गं. पण खालची बिजागरी झिजलीय, दोनदा वाजलं. सांग त्यांना."

सांगितलं. मालक आजोबांनी खिशातून टॉर्च काढला आणि उकिडवे बसले.