नव्यासारखी बाइक विकताय? या चुका टाळा

"एवढी चांगली गाडी, मग विकताय का?"

दोन वर्षांची, जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेली बाइक बघायला येणारा प्रत्येक जण हा प्रश्न मनात घेऊनच येतो. जुन्या गाडीचे दोष गिऱ्हाईक गृहीत धरतं आणि त्या हिशोबाने भाव पाडतं. नव्यासारख्या गाडीत मात्र त्याला लपवलेलं काहीतरी शोधायचं असतं. ही शंका आपणच वाढवतो, तीही गाडी चकचकीत करण्याच्या नादात.

इंजिनावर डिझेल मारून चमकवलेली गाडी दिसली की जाणकार आधी ऑइलची गळती शोधतो. साधं पाण्याने धुवा, चेन साफ करून ल्युब लावा, तेवढं पुरे. टाकीवर बारीक ओरखडा असेल तर त्याचा फोटो जाहिरातीतच टाका. माणूस येण्याआधी गाडी सुरू करून गरम करून ठेवू नका. थंड इंजिन त्याच्यासमोर एका सेल्फला सुरू होऊ द्या, त्याने जो विश्वास बसतो तो पॉलिशने बसत नाही. पण कमी चाललेली गाडी बहुतेक वेळ उभीच असते. बॅटरी उतरते, टायरमधली हवा कमी होते, डिस्कवर गंज धरतो. म्हणून जाहिरात टाकण्याआधी आठवडाभर ती रोज थोडी फिरवा. बाहेरून बसवलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर असेल तर मूळचा परत बसवा.

किलोमीटर खरे आहेत हे मीटर सांगत नाही, सर्व्हिसच्या पावत्या सांगतात. फ्री सर्व्हिस चुकवल्या असतील तर तसं आधीच सांगा. दुसरी किल्लीही शोधून ठेवा.

भाव सांगताना "मला ऑन-रोड एवढ्याला पडली" इथून सुरुवात करणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. पहिल्या वर्षाचा विमा संपलेला असतो आणि क्रॅश गार्डचे पैसे कुणी वेगळे देत नाही. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, म्हणजे ती यात बसते. त्याआधी घेतली असेल तर पावतीवरचा जुना आकडा विसरा. आज शोरूममध्ये तीच गाडी कितीला मिळते, तिथून खाली मोजा.

"पाच वर्षांचा विमा आहे" हेही लोक अगदी प्रामाणिकपणे चुकीचं सांगतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवरच्या दोन्ही तारखा वाचून मगच सांगा. नो क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असं नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, आधी काढून घ्या, नाहीतर ठरलेला व्यवहार तिथेच अडकतो.

आता ज्या चुकीची मला खरी काळजी वाटते ती. मी माझी आधीची बाइक विकली तेव्हा गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्याच सह्या करून दिल्या. घेणारा म्हणाला, एजंटकडून आठवड्यात नावावर करून घेतो. सात महिन्यांनी माझ्या मोबाइलवर विनाहेल्मेटचं ई-चलान आलं. गाडी अजून माझ्याच नावावर होती. चलानावर निभावलं, अपघात झाला असता तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात स्पष्ट केलं की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. फॉर्म पूर्ण भरून, तारीख टाकूनच सही करा. शक्य असेल तर ट्रान्सफरचा अर्ज सोबत बसून भरा आणि नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम अनामत ठेवून घ्या. गाडी आधीच देऊन बसला असाल, तर परिवहनच्या साइटवर आज नाव कुणाचं दिसतं ते बघा आणि विक्रीची पावती घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पैसे घेताना क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगणारा भामटा असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. टेस्ट राइडला सोडताना लायसन्स बघा, ओळखपत्र ठेवून घ्या. गाडी ताब्यात देताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. त्याच संध्याकाळी कुणी सिग्नल तोडला, तर गाडी तेव्हा तुमच्याकडे नव्हती हे दाखवायला तोच कागद हाताशी असेल.