गाठीचं निदान लॅबच्या वाटेवरच बिघडतं : या चुका टाळा

मानेत, काखेत किंवा जांघेत हाताला लागणारी गाठ बहुतेक वेळा साधी असते. दाढ किडली, टॉन्सिल सुजले, पायाची जखम चिघळून जांघेत अवधाण आलं, की लसिका ग्रंथी सुजते. मूळ कारण बरं झालं की दोन-चार आठवड्यांत ओसरते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हा लेख न ओसरणाऱ्या गाठींबद्दल आहे. अँटिबायोटिकचे दोन कोर्स होतात, सुईच्या तपासणीचा रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येतो, म्हणजे ग्रंथी नुसती सुजलेली आहे, कॅन्सर दिसत नाही, आणि तरी गाठ काही ओसरत नाही. अशांपैकी थोड्या लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघतात आणि अगदी थोड्या क्वचित दिसणाऱ्या आजारांच्या : कॅसलमन डिसीज (ग्रंथींची कॅन्सर नसलेली वाढ) किंवा फॉलिक्युलर डेन्ड्रायटिक सेल सार्कोमा (ग्रंथीतल्या आधार देणाऱ्या पेशींचा कॅन्सर). निदान हुकलं की दोष आजाराच्या दुर्मिळतेला दिला जातो. माझं मत वेगळं आहे. पुष्कळदा काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाण्याआधीच घोळ झालेला असतो.

पुरावा नसताना टीबीच्या गोळ्या

गंडमाळ, म्हणजे मानेतल्या गाठींचा टीबी, आपल्याकडे जुनी आहे आणि मानेतली गाठ टीबीची असेल हा अंदाज बरेचदा खराही ठरतो. त्यामुळेच तो धोक्याचा आहे. गाठीचा तुकडा न तपासता सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले, की पुढचं सगळं धूसर होतं. खऱ्या टीबीतही उपचारांच्या सुरुवातीला गाठ काही काळ वाढू शकते. मग दोन महिन्यांनी गाठ मोठी दिसली, तर औषध काम करतंय की निदानच चुकलंय, हे कशावरून ठरवणार?

रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहातून बनलेले पेशींचे पुंजके) हा शब्द आला म्हणजे टीबी सिद्ध झाला असंही नाही. सार्कॉइडोसिस या टीबीशी संबंध नसलेल्या दाहाच्या आजारात ग्रॅन्युलोमा असतात, हॉजकिन या प्रकारच्या लिम्फोमाच्या आजूबाजूलाही सापडतात. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासण्या) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) केलं का, हे विचारा. न करताच गोळ्या सुरू केल्या असतील आणि गाठ हटत नसेल, तर कोर्स संपायची वाट पाहू नका. गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत.

बायोप्सीआधी स्टेरॉईड

सूज उतरावी म्हणून पाच-सात दिवस स्टेरॉईड दिलं जातं, गाठ बसते, सगळे खूश होतात. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉईडने झपाट्याने मरतात. नंतर काढलेल्या तुकड्यात मेलेल्या पेशींपलीकडे काही सापडेलच असं नाही. श्वासनलिकेवर दाब आला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी जीव. एरवी आधी बायोप्सी. आणि स्टेरॉईड घेतलेलं असेल तर ते लपवू नका, फॉर्मवर लिहायला सांगा.

सुईवर सगळी भिस्त

एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी, वाईट नाही. टीबी किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर ती पटकन दाखवते. पण सुईतून येतात सुट्या पेशी, आणि ग्रंथीतल्या कित्येक आजारांचं निदान पेशी कशा रचल्या आहेत यावर असतं. कॅसलमन डिसीजमध्ये फॉलिकलभोवती (ग्रंथीतल्या पेशींच्या गोल पुंजक्याभोवती) लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींची कड्यावर कडी बसते, कांद्याच्या पाकळ्यांसारखी, आणि मध्ये रक्तवाहिनी शिरलेली दिसते. सुईने ही रचना विस्कटते. हाती उरतात साध्या दिसणाऱ्या पेशी, आणि रिपोर्टवर येतं ‘रिअ‍ॅक्टिव्ह’.

म्हणून शक्य तिथे अख्खी गाठ काढावी. पोटात किंवा छातीत खोल असेल तर जाड सुईची कोअर बायोप्सी चालते, पण तुकडे चांगले चार-पाच हवेत. काढायला सोपी म्हणून जांघेतली गाठ निवडू नये. तिथे पायाच्या जुन्या जखमांमुळे ग्रंथी तशाही बदललेल्या असतात. गळपट्टीच्या हाडाच्या वरची गाठ नेहमीच संशयास्पद मानावी. ‘चिरलं की पसरतं’ या भीतीपोटी लोक बायोप्सी महिनोन्‌महिने टाळतात. लिम्फोमा बायोप्सीने पसरत नाही. टाळाटाळीत मात्र आजार पुढे सरकतो.

ती बाटली

छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं की नर्स एक बाटली नातेवाईकाच्या हातात देते : ‘लॅबला नेऊन द्या.’ इथे बरंच काही बिघडतं. बाटलीत फॉर्मालिन (तुकडा टिकवणारं द्रावण) जेमतेम गाठ बुडेल इतकंच असतं. हवं गाठीच्या दहा ते वीस पट. अख्खी गाठ न कापता टाकली तर फॉर्मालिन आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर मधला भाग सडू लागतो. तोंड अरुंद असेल तर मऊ गाठ आत सहज जाते, टणक झाल्यावर बाहेर येत नाही, आणि लॅबमध्ये ओढाताण होऊन तिचे कोपरे चेंगरतात. ग्रंथीतल्या लिम्फॉइड पेशी चेंगरल्या की त्यांच्यावरून काही सांगता येत नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळाच ऐवज फॉर्मालिनमध्ये टाकणं. त्यानंतर कल्चर होत नाही, फ्लो सायटोमेट्रीही (जिवंत पेशींचे प्रकार ओळखणारी तपासणी) नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावं : ‘एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा पाठवणार ना?’ हा तुकडा लगेच पोचवायचा असतो. शनिवारी संध्याकाळी काढून सोमवारी नेला तर उपयोग नाही.

आणि फॉर्म. ‘नेक नोड, बायोप्सी’ एवढंच लिहिलेला फॉर्म पॅथॉलॉजिस्टला काहीच सांगत नाही. ताप, घटलेलं वजन, एचआयव्ही, संधिवात किंवा ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), चालू औषधं, आधीचे रिपोर्ट हे सगळं हवं. ल्युपस किंवा संधिवातातली ग्रंथी कॅसलमनसारखी दिसू शकते, काचपट्टीवरून दर वेळी फरक कळत नाही.

मार्कर लावले, पण कोणते?

मार्कर म्हणजे पेशीचा प्रकार ओळखण्यासाठी तुकड्यावर तपासली जाणारी प्रथिनं. ते का लागतात पाहा. ज्यांच्या नावाने कॅसलमन डिसीज ओळखला जातो त्या पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ साली १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा छातीतल्या या गाठी थायमोमासारख्या (छातीतल्या थायमस ग्रंथीच्या ट्यूमरसारख्या) दिसतात हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगितलं होतं. असं सोंग घेणारे आजार ग्रंथीत बरेच आहेत. फॉलिक्युलर डेन्ड्रायटिक सेल सार्कोमामध्ये लांबट पेशींचे भोवरे आणि मध्ये विखुरलेले लिम्फोसाइट्स दिसतात. पाहणाऱ्याच्या मनात येतो दुसऱ्या अवयवातून पसरलेला कार्सिनोमा (अवयवाच्या अस्तरातून होणारा कॅन्सर), आणि मग मूळ गाठीच्या शोधात एंडोस्कोपी, स्कॅन, पुन्हा स्कॅन. सीडी २१, सीडी २३, सीडी ३५ हे मार्कर लावले तर उत्तर मिळतं. पण मनात आलंच नाही तर लावणार कोण? अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल लिम्फोमा हा लिम्फोमाचा एक प्रकारही असाच कार्सिनोमा भासतो. तिथे सीडी ३० आणि एएलके लागतात.

उलटी फसगतही होते. जपानमध्ये १९७२ साली वर्णन झालेला किकुची डिसीज बहुधा तरुण मुलींना होतो. ताप, मानेत दुखऱ्या गाठी, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेकदा आपोआप बरा. काचपट्टीवर मात्र तो लिम्फोमासारखा दिसू शकतो. केमो सुरू करण्याआधी लिम्फोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची नजर फिरायला हवी ती यासाठी.

त्यासाठी मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा दुसऱ्या मोठ्या केंद्रात जाताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. काचपट्ट्या आणि पॅराफिनचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) दोन्ही लागतात. लॅबने ब्लॉक द्यायला कुरकुर केली तर लेखी अर्ज द्या. ब्लॉक बॅगेत ठेवा, उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको, मेण वितळतं. नव्या ठिकाणी देताना ब्लॉकचा नंबर लिहिलेली पोच घ्या आणि काम झालं की परत मागून घ्या.