थायरॉइडची तपासणी: या चुका टाळा

सकाळी सातला लॅबबाहेरच्या बाकावर एक प्रश्न हमखास कानावर येतो, "अहो, चहा झालाय माझा, चालेल का?" थायरॉइडपुरतं बोलायचं तर चालतं. नुसती टीएसएच, टी-थ्री, टी-फोर करायची असेल तर उपाशीपोटी जायची सक्ती नसते. (टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइड ग्रंथीची हार्मोन्स. टीएसएच हे तिला ती बनवायला सांगणारं हार्मोन: ती जास्त झाली की टीएसएच उतरतो, कमी पडली की चढतो.) सोबत साखर किंवा लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) लावलं असेल तर गोष्ट वेगळी. रिपोर्ट बिघडवणाऱ्या चुका मात्र चहाच्या बऱ्याच आधी झालेल्या असतात.

आमच्या मामींचंच घ्या. थायरॉइड कमी, कित्येक वर्षं गोळी चालू, टीएसएच तीन-साडेतीनच्या आसपास. एकदा अचानक ०.१ आला आणि टी-फोर वर गेलेला. कागदावर थायरॉइड जास्त झालेला, पण मामींना ना धडधड, ना घाम. वजन तर दोन किलोनं वाढलेलं. डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी करण्याआधी "आणखी काय घेता?" असं विचारलं, तेव्हा पर्समधून केसांच्या गोळ्यांची डबी निघाली. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं: बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिन म्हणजे 'बी' गटातलं एक जीवनसत्त्व, मोठ्या माणसाची दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम.

बऱ्याच मशीनमध्ये ही चाचणीच बायोटिनच्या चिकटण्यावर चालते. रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-थ्री, टी-फोर खोटे जास्त दिसतात. गंमत बघा, थायरॉइडनं केस गळतात म्हणून बायोटिन सुरू होतं आणि तेच थायरॉइडचा रिपोर्ट फिरवतं. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते बंद ठेवा. डोस मोठा असेल किंवा डॉक्टरांनीच लिहून दिलं असेल तर किती दिवस थांबवायचं ते त्यांना विचारा. 'केस, त्वचा, नखं' असं लिहिलेल्या गोड जेलीच्या गोळ्याही यातच आल्या. मामींनी डबी आठवडाभर कपाटात ठेवली, पुन्हा रक्त दिलं. टीएसएच ३.४. थायरॉइडच्या गोळीचा डोस होता तोच राहिला.

आता त्या गोळीविषयी. ती घेऊन लॅबमध्ये गेलात तर टीएसएच लगेच हलत नाही, पण फ्री टी-फोर (रक्तात मोकळा असलेला टी-फोर) पुढचे काही तास चढलेला दिसतो. म्हणून गोळी सोबत न्या, रक्त दिलं की तिथेच पाण्याबरोबर घ्या आणि चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासानं.

याहून वाईट म्हणजे महिनाभर गोळ्या चुकवायच्या आणि तपासणीच्या तोंडावर चार दिवस नेमानं घ्यायच्या. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास इथे पकडला जातो. टी-फोर सुधारलेला दिसतो, टीएसएच चढलेलाच राहतो, आणि खरं सांगितलं नाही तर डोस विनाकारण वाढण्याची भीती. टीएसएच स्थिरावायला सहाएक आठवडे लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया.

डेंग्यू, टायफॉइड किंवा हॉस्पिटलमधल्या मुक्कामानंतर लगेच 'फुल बॉडी'चं पॅकेज घेऊ नका. मोठ्या आजारात टी-थ्री आणि टीएसएच खाली येतात, बरं होताना टीएसएच काही काळ वर जातो. डॉक्टरांना थायरॉइडचीच शंका नसेल तर सहा आठवडे जाऊ द्या. स्टेरॉइड, लिथियम (मानसिक आजारावरचं), अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठीचं) यांचाही परिणाम होतो. ही औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत, फक्त फॉर्मवर लिहायची. गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्याही लिहा, त्यांत एकूण टी-फोर (मोकळा आणि प्रथिनांना चिकटलेला मिळून) वाढतो.

टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो. मागचं रक्त सकाळी आठला दिलं असेल तर या वेळीही आठलाच द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

रक्ताची तपासणी नसून थायरॉइड स्कॅन असेल, तर गेल्या दोन महिन्यांत डाय टाकून सीटी स्कॅन झाला होता का, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. त्या डायमध्ये आयोडीन असतं. ग्रंथी त्यानं आधीच भरलेली असली तर स्कॅनसाठी दिलेलं औषध ती नीट उचलत नाही, आणि तारीख पुढे ढकलावी लागते.