अमेरिकेतल्या नेब्रास्कात जुन्या होमस्टेडवर (सरकारने वसायला दिलेल्या शेतजमिनीवर) न खणता जमिनीखालचे अवशेष शोधायच्या पुरातत्त्व सर्वेला जाताय? निघायच्या आधी हे बघा

पहिलं काम मशीनचं नाहीच, कागदांचं आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यात १६० एकर मिळायची, पाच वर्षं राहून कसली आणि घर बांधलं की सरकारी पेटंट हातात, तिकडचा सातबाराच समजा. ही पेटंटं आणि जुने मोजणी नकाशे जनरल लँड ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये ऑनलाइन फुकट बघता येतात, पण पेटंटवरून जमिनीचा तुकडा कळतो, त्यात घर नेमकं कुठे होतं ते नाही. त्यासाठी १९३० च्या दशकातले कृषी खात्याचे विमानातून काढलेले फोटो शोधा, आणि उघड्या माळावर लायलॅकचं झुडूप एकटंच दिसलं तर तिथे थांबाच, बहुतेक ते कोणाच्या तरी अंगणातलं असतं.

परवानगी लेखी घ्या. फेडरल म्हणजे केंद्र सरकारची जमीन असेल तर जास्तच, शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू परवान्याशिवाय उचलली तर १९७९ चा पुरातत्त्व संरक्षण कायदा लागू शकतो.

मग शोधायचं काय ते ठरवा. सॉड हाऊस म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या भिंती, पक्का पाया बऱ्याचदा नाहीच, पडलं की मातीत माती, त्यामुळे स्क्रीनवर घराची चौकट उमटेल या आशेवर राहू नका. खड्डे शोधा. तळघर, विहीर, संडासचा खड्डा. मला विचाराल तर संडासचा खड्डा सगळ्यात भारी, कारण फुटक्या बाटल्या, बशा सगळं लोक त्यातच टाकायचे.

मॅग्नेटोमीटर (जमिनीतल्या चुंबकीय फरकांचं मोजमाप करणारं यंत्र) लोखंड, भाजलेल्या विटा आणि भरलेले खड्डे पकडतो, जीपीआर (जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार) कोरड्या वाळूत मस्त चालतो, चिकणमातीत सिग्नल मरतो (आपल्या काळ्या मातीत तर विचारूच नका). रेझिस्टिव्हिटी (प्रोब खुपसून जमिनीचा विद्युत रोध मोजणं) करणार असाल तर जमीन अगदी ठणठणीत कोरडी नको, प्रोबला कॉन्टॅक्टच मिळत नाही.

बॅगेत प्लॅस्टिकच्या खुंट्या, फायबरग्लासची टेप, मीटर-मीटरवर खुणा केलेली नायलॉनची दोरी. तारेचे छोटे झेंडे अजिबात नकोत, ती तार स्टीलची असते! २० बाय २० मीटरचा ग्रिड (चौकोन) आखा, यंत्र घेऊन चालायच्या ओळी अर्ध्या मीटरवर, कारण संडासचा खड्डा जेमतेम मीटर-दीड मीटरचा, एक मीटर अंतर ठेवलं तर त्यावरून एखादीच ओळ जाईल आणि तो निसटेल. गवत आधीच कापून घ्या. मॅग्नेटोमीटर धरणाऱ्याने बेल्ट, किल्ल्या, मोबाईल, सेफ्टी शूज, धातूची चेन, ब्राची वायर सगळं गाडीत ठेवायचं आणि गाडी निदान तीसेक मीटर लांब. काटेरी तारेच्या कुंपणाजवळच्या ओळी सोडून द्या, तिथे काही वाचता येत नाही.

पुढे कोअर (मातीचा उभा नमुना) काढायचा असेल तर ८११ ला, म्हणजे खणण्याआधी जमिनीखालच्या वायर-पाईप कुठे आहेत ते विचारायच्या नंबरला, काही दिवस आधी फोन करा. आणि ग्रिड चालू करायच्या आधी वर पडलेला प्रत्येक पत्रा, पाईप स्केचवर मांडा, उचलू नका, नाहीतर संध्याकाळी लॅपटॉपवर मॅग्नेटोमीटरच्या नकाशात दिसणारा काळापांढरा ठिपका विहीर आहे का ट्रॅक्टरचा तुटका बोल्ट यावर भांडत बसाल.